ट्रॅक्टर व मोटारगाडीसाठी इंजिन ऑईलची निवड

शेतकरी बंधूंनो, खत घेताना आपण पोत्यावरील आकडे पाहतो. १०:२६:२६ हवे की १९:१९:१९ हे आधी ठरवतो आणि मग कोणत्या कंपनीचे मिळते ते विचारतो. इंजिन ऑईलच्या बाबतीत मात्र बरेचदा याच्या उलट घडते. दुकानात जाऊन आपण "चांगल्या कंपनीचे ऑईल द्या" एवढेच सांगतो आणि दुकानदार देईल तो डबा घरी आणतो. तोच डबा ट्रॅक्टरला, जीपला आणि उरला तर मोटारसायकललाही वापरला जातो. ट्रॅक्टरची किंमत लाखांच्या घरात आहे. चुकीच्या किंवा संपलेल्या ऑईलवर चाललेल्या इंजिनाचे काम निघाले तर पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग व मजुरी मिळून मोठा खर्च येतो. शिवाय ऐन पेरणीच्या किंवा ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उभा राहतो तो तोटा वेगळाच.

अलीकडे सिंथेटिक ऑईलची जाहिरात मोठ्या प्रमाणावर होत आहे. ते महाग असते. ते घ्यावे की नाही, कोणत्या कंपनीचे घ्यावे आणि आपल्या इंजिनाला त्याचा खरोखर फायदा होतो का, याची माहिती या लेखात दिली आहे.

इंजिन ऑईलचे कार्य

इंजिन ऑईल म्हणजे केवळ वंगण नव्हे. त्याची मुख्य कामे पुढीलप्रमाणे आहेत.

१) फिरणाऱ्या व घासणाऱ्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर ठेवून झीज कमी करणे.
२) पिस्टन व बेअरिंगमधील उष्णता वाहून नेणे.
३) पिस्टनच्या रिंगा व लायनर यांमधील फट भरून दाब टिकवणे.
४) काजळी व धातूचे बारीक कण स्वतःमध्ये धरून ठेवणे, म्हणजे ते इंजिनात साचत नाहीत.
५) इंधन जळताना तयार होणारी आम्ले मारणे व भागांचे गंजण्यापासून रक्षण करणे.

यापैकी शेवटची दोन कामे मूळ तेल करीत नाही. त्यात मिसळलेली रसायने ती करतात. ही रसायने कामाच्या तासांबरोबर खर्ची पडतात. म्हणूनच डिपस्टिकवर तेलाची पातळी बरोबर दिसत असली तरी ठरावीक तासांनंतर ऑईल बदलावे लागते.

डब्यावरील पहिली खूण : एसएई क्रमांक

एसएई ही मोटार अभियंत्यांची अमेरिकन संस्था आहे. तिने ठरवलेल्या क्रमांकावरून तेलाचा दाटपणा कळतो. उदाहरणार्थ, १५डब्ल्यू-४० या ऑईलमध्ये 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्यासाठी आहे. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती सहज हलते ते दाखवतो. हा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंड इंजिनात लवकर पसरते. नंतरचा आकडा गरम इंजिनातील दाटपणा दाखवतो. ४० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक या दरम्यान असतो, तर ३० क्रमांकाच्या तेलाचा ९.३ ते १२.५ असतो.

याचा अर्थ असा, की २०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही तेले गरम इंजिनात एकाच दर्जाच्या दाटपणाची असतात. फरक पडतो तो फक्त थंड इंजिन सुरू करताना. आता आपल्या राज्याचे हवामान पाहा. १५डब्ल्यू तेलाची थंडीतील चाचणी उणे २० अंशांवर घेतली जाते. निफाडसारख्या थंड भागातही तापमान तेथपर्यंत कधी जात नाही. त्यामुळे निव्वळ थंडीचा विचार केल्यास आपल्याकडील ट्रॅक्टरला १५डब्ल्यू तेल पुरेसे होते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेथे गरम इंजिनातील दाटपणा, म्हणजे दुसरा आकडा, अधिक महत्त्वाचा ठरतो.

नवीन मोटारगाड्यांची गोष्ट निराळी आहे. अनेक नव्या पेट्रोल गाड्यांसाठी उत्पादक ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशी पातळ तेले सांगतात. या इंजिनांतील फटी व तेलाच्या वाटा त्या तेलाचा विचार करूनच ठरवलेल्या असतात. अशा गाडीत "दाट तेल चांगले" या समजुतीने २०डब्ल्यू-५० घालू नये. तसेच जुन्या ट्रॅक्टरमध्ये पातळ ०डब्ल्यू-२० घालू नये. तेथे तेलाचा दाब कमी पडून बेअरिंगची झीज होण्याचा धोका असतो.

डब्यावरील दुसरी खूण : एपीआय दर्जा

एपीआय ही अमेरिकेतील पेट्रोलियम संस्था आहे. तिच्या दर्जात 'एस'ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी आणि 'सी'ने सुरू होणारी अक्षरे डिझेल इंजिनासाठी असतात. पुढचे अक्षर वर्णमालेत जितके पुढे, तितका दर्जा नवीन. डिझेलमध्ये सीएच-४ हा दर्जा १९९८ मध्ये, सीआय-४ हा २००२ मध्ये, सीजे-४ हा २००६ मध्ये आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीस आला. पेट्रोलमध्ये एसएन २०१० मध्ये, एसपी २०२० मध्ये आणि एसक्यू २०२५ मध्ये आला.

सर्वसाधारणपणे, जेथे जुना दर्जा सांगितला आहे तेथे त्याच रांगेतील नवीन दर्जाचे तेल चालते. उदाहरणार्थ, पुस्तिकेत सीएफ-४ लिहिले असेल तर सीएच-४ किंवा सीआय-४ वापरता येते. याच्या उलट करू नये. सीआय-४ सांगितलेल्या इंजिनात सीडी किंवा सीएफ दर्जाचे स्वस्त तेल घातल्यास काजळी धरण्याची ताकद अपुरी पडते व चेंबरमध्ये गाळ साचतो.

येथे एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ वाहने व १० पीपीएम गंधकाचे डिझेल आले. बीएस-६ डिझेल जीप, पिकअप व मोटारगाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. मात्र इंजिन ऑईलमधील रसायनांची राख जळत नाही. ती गाळणीत साचत जाते. म्हणून सीजे-४ व सीके-४ दर्जाच्या तेलांत राखेचे प्रमाण जास्तीत जास्त १ टक्का ठेवलेले आहे. ट्रॅक्टरसाठी आणलेले सीएफ-४ किंवा सीआय-४ तेल अशा गाडीत घालत राहिल्यास ही महागडी गाळणी लवकर तुंबते. ५० अश्वशक्तीच्या वरील नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आहेत. अशा ट्रॅक्टरसाठीही पुस्तिकेतील दर्जा पाहूनच तेल घ्यावे.

मिनरल, सेमी सिंथेटिक आणि सिंथेटिक

मिनरल तेल हे खनिज तेल शुद्ध करून मिळवतात. त्यातील रेणू लहानमोठे व निरनिराळ्या घडणीचे असतात. सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक प्रक्रियेने बरेचसे एकसारखे केलेले असतात. त्यामुळे सिंथेटिक तेल जास्त उष्णतेत लवकर खराब होत नाही, कमी उडून जाते आणि थंडीत प्रवाही राहते. टर्बो असलेल्या इंजिनात हा गुण उपयोगी पडतो, कारण टर्बोच्या बेअरिंगजवळ तेल फार तापते व हलके तेल तेथे जळून चिकटते.

एपीआयने मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिला व दुसरा गट म्हणजे नेहमीचे मिनरल तेल. तिसरा गट खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून तयार होतो. चौथा गट पीएओ नावाचे, पूर्णपणे रसायनांपासून बनवलेले तेल. उरलेली सर्व तेले पाचव्या गटात येतात. पूर्वी चौथ्या व पाचव्या गटांतील तेलांनाच सिंथेटिक म्हणत. अमेरिकेत मोबिल व कॅस्ट्रॉल या कंपन्यांत यावरून वाद झाला. १९९९ मध्ये तेथील जाहिरात तपासणाऱ्या मंडळाने तिसऱ्या गटातील तेलालाही सिंथेटिक म्हणण्यास हरकत नाही असा निर्णय दिला. तेव्हापासून बाजारातील अनेक "फुल सिंथेटिक" तेले तिसऱ्या गटाची असतात. ती वाईट असतात असे नाही. परंतु डब्यावरील 'सिंथेटिक' या एका शब्दावरून दोन डब्यांची बरोबरी करता येत नाही, हे लक्षात घ्यावे. 'सेमी सिंथेटिक' तेलात सिंथेटिक भाग किती टक्के असावा याचेही एपीआयचे बंधन नाही.

कंपन्यांची तुलना कशी करावी?

बाजारात इंडियन ऑईलचे सर्व्हो, हिंदुस्थान पेट्रोलियमचे एचपी, भारत पेट्रोलियमचे मॅक, तसेच कॅस्ट्रॉल, गल्फ, शेल, मोबिल, व्हॅल्व्होलिन, व्हीडॉल अशी अनेक नावे आहेत. यातील प्रत्येक कंपनी साध्या तेलापासून सिंथेटिकपर्यंत अनेक दर्जांची तेले विकते. त्यामुळे "अमुक कंपनीचे तेल चांगले" या बोलण्याला फारसा अर्थ राहत नाही. एका कंपनीचे सीएफ-४ आणि दुसरीचे सीके-४ यांत तुलना केली तर कंपनीपेक्षा दर्जाचाच फरक मोठा दिसेल. तुलना पुढील क्रमाने करावी.

१) एसएई क्रमांक पुस्तिकेप्रमाणे आहे का?
२) एपीआय दर्जा सांगितलेला किंवा त्याहून नवा आहे का?
३) वाहन उत्पादकाची मान्यता डब्यावर स्पष्ट लिहिली आहे का? "योग्य" किंवा "शिफारस" असे मोघम शब्द म्हणजे मान्यता नव्हे.
४) वरील तिन्ही बाबी समान असलेल्या डब्यांपैकी आपल्या गावाजवळ खात्रीच्या विक्रेत्याकडे कोणता मिळतो?
५) शेवटी प्रति लिटर भाव पाहावा.

तेलाचा रंग, वास किंवा दोन बोटांत घासून पाहणे यांवरून दर्जा कळत नाही. रंग कंपनी मुद्दाम घालू शकते. तसेच चांगल्या तेलात वेगळे द्रव किंवा पावडर मिसळण्याची गरज नसते.

कोणत्या यंत्राला कोणते तेल?

खालील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे.

• ५० अश्वशक्तीपर्यंतचे ट्रॅक्टर : १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०, एपीआय सीएफ-४, सीएच-४ किंवा सीआय-४, मिनरल.
• पाणी उपसण्याचे व मळणीचे लहान डिझेल इंजिन : एसएई ३० किंवा ४०, अथवा २०डब्ल्यू-४०, डिझेल दर्जाचे मिनरल.
• बीएस-६ डिझेल जीप, पिकअप, मोटार : पुस्तिकेतील क्रमांकाचे कमी राखेचे तेल, बहुधा सिंथेटिक किंवा सेमी सिंथेटिक.
• नवी पेट्रोल मोटार : ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० इत्यादी, पुस्तिकेप्रमाणे, एपीआय एसएन किंवा त्यापुढील.
• मोटारसायकल : पुस्तिकेतील क्रमांक व सोबत 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही खूण.

मोटारसायकलच्या बहुतेक मॉडेलमध्ये क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. मोटारगाडीच्या पातळ तेलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात. अशा तेलाने क्लच घसरू लागतो व गाडी ओढत नाही. म्हणून कारचे उरलेले ऑईल मोटारसायकलला घालू नये. तसेच ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतील तर गिअर व हायड्रॉलिकसाठी सांगितलेले वेगळे तेल असते. त्याऐवजी इंजिन ऑईल वापरू नये.

सिंथेटिक परवडते का? हिशेब करून पाहा

पुढील भाव केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या बाजारातील भाव घालून हिशेब करावा.

समजा, ट्रॅक्टरच्या चेंबरमध्ये ७ लिटर ऑईल बसते. मिनरल तेलाचा भाव ३०० रुपये लिटर आणि बदल २५० तासांनी. खर्च २,१०० रुपये, म्हणजे तासाला ८ रुपये ४० पैसे. सिंथेटिकचा भाव ६०० रुपये लिटर धरल्यास खर्च ४,२०० रुपये होतो. बदल २५० तासांनीच केला तर तासाला १६ रुपये ८० पैसे पडतात. म्हणजे तासाला ८ रुपये ४० पैसे जादा.

हा जादा खर्च डिझेलच्या बचतीतून निघेल का? तासाला ४ लिटर डिझेल व ९० रुपये भाव धरल्यास डिझेलचा खर्च ३६० रुपये होतो. तेलाचा जादा खर्च भरून येण्यासाठी सव्वादोन टक्क्यांहून अधिक डिझेल वाचले पाहिजे. एकाच दाटपणाच्या दोन तेलांत एवढ्या बचतीची अपेक्षा धरू नये, कारण इंधनाची बचत मुख्यतः तेलाच्या पातळपणामुळे होते. ट्रॅक्टरच्या उत्पादकाने त्या तेलासाठी ५०० तासांची मुभा लेखी दिली असेल तर मात्र खर्च समान होतो आणि एक फिल्टर वाचतो. अशी मुभा नसताना आपल्या मनाने तास वाढवू नयेत. धुळीच्या कामात तर मुळीच नाही.

मोटारगाडीचेही असेच आहे. ३.५ लिटर ऑईल, १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदल, असे अनेक गाड्यांना सांगितलेले असते. ४०० रुपये लिटरच्या तेलाने किलोमीटरला १४ पैसे आणि ८०० रुपयांच्या तेलाने २८ पैसे पडतात. आपली गाडी वर्षाला ५,००० किलोमीटरच फिरत असेल तर वर्ष भरताच तेल बदलावे लागेल आणि हा खर्च अनुक्रमे २८ व ५६ पैसे होईल. जास्त टिकणाऱ्या तेलाचा फायदा अशा गाडीला मिळत नाही. मात्र पुस्तिकेत सांगितलेला दर्जा फक्त सिंथेटिकमध्येच मिळत असेल, गाडी टर्बोची असेल किंवा डीपीएफ असेल, तर भाव न पाहता तेच घ्यावे.

थोडक्यात, जुन्या व मध्यम ट्रॅक्टरला योग्य दर्जाचे मिनरल तेल वेळेवर बदलणे हे महाग तेल उशिरा बदलण्यापेक्षा केव्हाही फायद्याचे आहे.

ऑईल बदलताना घ्यावयाची दक्षता

१) नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल पुस्तिकेतील तासांवर, बहुधा ५० तासांनी, न चुकता करावा. तारीख व तासमापकाचा आकडा वहीत लिहावा.
२) इंजिन गरम असताना तेल काढावे, म्हणजे तळातील गाळ बरोबर निघून येतो. हात भाजणार नाही याची काळजी घ्यावी.
३) दर बदलाला ऑईल फिल्टर बदलावा. जुना फिल्टर डिझेलने धुऊन पुन्हा बसवू नये.
४) डिपस्टिक पाहताना ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबावे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरल्यास त्यास फेस येतो व वंगण नीट होत नाही.
५) एअर क्लीनर स्वच्छ ठेवावा. मळणी व रोटाव्हेटरच्या कामात धूळ फार असते. तेलाच्या एअर क्लीनरची वाटी रोज पाहावी. फाटलेल्या रबरी नळीतून धूळ आत जात असेल तर कितीही महाग ऑईल इंजिन वाचवू शकत नाही.
६) टर्बो इंजिन जड कामानंतर लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे रिकामे चालू ठेवावे.
७) अडचणीच्या वेळी त्याच क्रमांकाचे व दर्जाचे दुसऱ्या कंपनीचे तेल पातळी भरण्यापुरते घालता येते. पुढच्या बदलाला सर्व तेल बदलावे.

डिझेल इंजिनाचे नवे तेल थोड्याच तासांत काळे होते. यावरून तेल खराब आहे असे समजू नये. ते काजळी धरून ठेवत आहे. परंतु तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे आणि डिझेलचा वास येऊन पातळी वाढली असल्यास त्यात डिझेल उतरत आहे असे समजावे. अशा वेळी इंजिन न चालवता मेस्त्रीस दाखवावे. ऑईलच्या दाबाचा दिवा काम करताना लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे.

बनावट ऑईलपासून सावध

रिकामे डबे गोळा करून त्यात गाळलेले जुने तेल भरून विकण्याचे प्रकार घडतात. यासाठी झाकणाचे सील, बॅच क्रमांक, भरल्याची तारीख व छापील किंमत पाहावी. पक्के बिल घ्यावे. सुटे ऑईल घेऊ नये. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

जळक्या ऑईलचे काय करावे?

वापरलेल्या ऑईलमध्ये धातूंचे कण व कर्करोगास कारणीभूत होऊ शकणारी रसायने असतात. ते जनावरांच्या जखमेवर किंवा गोचिडांसाठी लावू नये, कारण जनावर ते चाटते. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. गुऱ्हाळाच्या चुलवणात जाळू नये. २०१६ च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल कंपन्यांवरही टाकण्यात आली आहे. जुने तेल झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

शेतकरी बंधूंनो, पुढच्या वेळी दुकानात जाताना ट्रॅक्टर व गाडीची पुस्तिका सोबत न्यावी किंवा त्यातील एसएई क्रमांक आणि एपीआय दर्जा कागदावर लिहून न्यावा. हा कागद बोनेटच्या आतील बाजूस चिकटवून ठेवल्यास घरातील कोणालाही किंवा चालकाला योग्य तेल आणता येईल. योग्य दर्जाचे तेल, वेळेवर बदल, नवा फिल्टर व स्वच्छ हवा या चार गोष्टी पाळल्यास इंजिनाचे आयुष्य वाढते व हंगामात यंत्र दगा देत नाही.